आवाज घुमतो, तेव्हा नेमके काय घुमते?

निपाणीच्या एका वाचकांचा प्रश्न असा : नवा स्पीकर ऐकून घरची मंडळी "आवाज घुमतो" म्हणतात आणि दुकानदार ती दाद समजतो, तर घुमणे हा गुण की दोष, आणि हा शब्द घुमटावरून आला आहे काय?

स्पीकरच्या बाबतीत दोषच. भरदार आवाजाला सर्रास 'घुमणारा' म्हटलेले ऐकून माझा संताप होतो. गाभारा घुमतो, दरी घुमते, तिथे घुमते ती जागा. स्पीकरने पदरचे काही मिसळायचे नसते. खानापूरच्या एका मंगल कार्यालयात "शब्द कळंना, आवाज घुमतोय" अशी एका आजींनी तक्रार करताच स्पीकरवाल्या मुलाने कोपऱ्यात टेकवलेला खोका दोन हात पुढे ओढला आणि बोलणे सुटे झाले, कारण कोपऱ्यात खालचे स्वर फुगतात. अशा कानांना अडाणी समजू नये. ध्वनिसंशोधक सीन ऑलिव्ह यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या स्पीकरांच्या श्रवणचाचण्यांत २५६ अप्रशिक्षित श्रोत्यांची पसंती १२ प्रशिक्षितांच्या पसंतीशी बहुतांशी जुळली. प्रशिक्षितांचा निवाडा अधिक काटेकोर आणि सातत्याचा होता, एवढाच फरक.

आता व्युत्पत्ती. फारसी 'गुंबद'चा घुमट झाला आणि घुमटातून घुमणे निघाले, असे जे छातीठोकपणे सांगतात, त्यांनी प्राकृतातले 'घुम्मइ' पाहिलेलेच नसावे. त्याचा अर्थ गरगर फिरणे. हिंदीतले 'घूमना' फिरण्यापाशीच राहिले. मराठीत मात्र अंगात आलेली बाई घुमते, तेव्हा तिचे डोलणे आणि तिचा हुंकार एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत, आणि फिरण्याकडून नादाकडे जाणारी पायरी मला नेमकी तिथे दिसते.

उलट घुमटालाच घुमण्याने आपला 'घ' दिला, असे माझे ठाम मत आहे. विजापूरच्या महंमद आदिलशहाच्या कबरीला कन्नडात 'गोल गुम्मट' म्हणतात, फारसीतही 'ग'च आहे. मग 'गोलघुमट' म्हणताना आपल्या तोंडी 'घ' आला कोठून? बेळगावहून सहलीला गेलेली पोरे वरच्या सज्जात टाळी वाजवतात आणि ती एकच टाळी घुमटाला फेऱ्या घालत पुन्हा पुन्हा कानावर येते. ती ऐकल्यावर मराठी माणसाच्या तोंडी 'गुम्मट' टिकणे शक्यच नव्हते.