डबल पेंडुलम भिंतीवर हलतोय, मग टोरस कुठनं आला?

खानापूरच्या बीएस्सीवाल्या मित्रानं विचारलंय की डबल पेंडुलम (एका काठीच्या टोकाला दुसरी काठी लटकवलेला लोलक) सपाट भिंतीवर हलतो तर त्याची कॉन्फिगरेशन स्पेस (त्याच्या सगळ्या शक्य स्थितींचा मिळून होणारा आकार) टोरस (मेदूवड्यासारखा पृष्ठभाग) कशी, आणि तो टोरस असतो तरी कुठं. अगदी बरोबर जागी अडलायस बघ. आपल्यासारख्या मराठी मीडियममधनं आलेल्यांना स्पेस म्हटलं की जागा नाहीतर आकाश आठवतं, ते आधी डोक्यातनं काढ. इथं एक बिंदू म्हणजे पेंडुलमची एक आख्खी स्थिती, वरची काठी उभ्या रेषेपासनं किती अंशात आणि खालची किती, दोन आकडे, झाला बिंदू. (काठीच पाहिजे हं, दोरी ढिली पडते.)

आता ० ते ३६० आडवे आणि उभे असा चौकोन काढलास तर ३५९ आणि १ अंश दोन टोकांना जातात, खरं तर ते शेजारी आहेत, म्हणून समोरासमोरच्या कडा चिकटवायच्या, की झाला टोरस. कागद चुरगळतो, त्यापेक्षा पंक्चरवाल्याकडनं सायकलची जुनी ट्यूब आण, मी शहापुरातनं आणली होती. व्हॉल्व्हपासनं पेनानं ट्यूबच्या लांबीनं आख्खी फेरी मारून परत व्हॉल्व्हला ये, ती वरच्या काठीची एक पूर्ण गिरकी. ट्यूबच्या जाडीभोवतीचा वेढा खालच्या काठीची. आणि व्हॉल्व्हशेजारी छोटं वर्तुळ काढ, ते नुसतं थोडं झुलणं, ते आवळत आवळत ठिपका होतं, पण पहिले दोन वेढे ट्यूब कापल्याशिवाय आवळत नाहीत. काठ्या आखूड कर, वजनं बदल, गती सगळी बदलेल पण हे वेढे तसेच राहणार. फ्रेंच गणिती प्वांकारे उगीच नाही १८९० ला तीन ग्रहगोलांच्या प्रश्नावर लिहून १८९५ ला टोपोलॉजीकडं, म्हणजे ताणलं-वाकवलं तरी आकाराचं जे बदलत नाही त्याच्या गणिताकडं आला.

आता मला सगळ्यात आवडतं ते. पेंडुलम स्थिर राहू शकेल अशा स्थिती मोज: दोन्ही खाली, एक वर एक खाली अशा दोन, आणि दोन्ही वर. स्थितिज ऊर्जेत पहिली सगळ्यात खोल, मधल्या दोन खिंडीसारख्या, म्हणजे एका बाजूनं चढ नि दुसऱ्या बाजूनं उतार, शेवटची शिखर. खोल अधिक, खिंड वजा, शिखर अधिक धर: १ − २ + १ = ० आणि टोरसची ऑयलर संख्या (आकार ताणला-वाकवला तरी न बदलणारा त्याचा आकडा) शून्यच. आता एकच काठी चहूबाजूंनी हलू दे, तिची स्पेस गोलाचा पृष्ठभाग, एक खोल एक शिखर, बेरीज २, गोलाचीही २. आधी दोन कामट्या नि नटबोल्ट घेऊन त्या चारी स्थिती हातानं धरून बघ, मग ट्यूबवर त्यांचे चार ठिपके मार.