तंबाखूची पुडी आणि उरलेले पैसे

सप्रेम नमस्कार,

मी चाळीस वर्षांची असून वाळवा तालुक्यातील एका गावात राहते आणि एका पतसंस्थेत कारकून आहे. माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे व यंदा दहावीला आहे. विसर्जन मिरवणुकीच्या रात्री तो मंडळाच्या मोठ्या मुलांबरोबर बिअर पिऊन घरी आला. सकाळी विचारले तेव्हा "मी काय दारू प्यायलो का, बिअर होती," असे तोंड वर करून म्हणाला. माझे यजमान पाहुण्यांत बसले की कधीतरी घेतात आणि सासरे झोप लागावी म्हणून रात्री थोडी घेतात, परंतु पिऊन कोणी कधी गोंधळ घातलेला नाही. मी स्वतः मिश्रीपलीकडे कशाला शिवलेली नाही. तीही सहावीत असताना दाढ दुखायची म्हणून आजीने लावायला शिकवली. हा मुलगा असा नव्हता. सात-आठ वर्षांचा असताना इतका आज्ञाधारक होता, की माझी तंबाखूची पुडी आणायला सांगितली तर उरलेले पैसे मोजून हातात द्यायचा. आता उलट उत्तरे देतो. यजमान म्हणतात, त्याला व्यसनमुक्ती केंद्रात ठेवू, म्हणजे धाक बसेल. सासूबाई म्हणतात, पोराचं वय आहे, ओरडू नका. मी काय करावे?

एक आई, सांगली जिल्हा

ताई,

यजमानांचा विचार आधी बाजूला ठेवू, म्हणजे पुढचे नीट बोलता येईल. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले ते व्यसनाच्या आजारात अडकलेल्या माणसांवर उपचार व्हावेत म्हणून. दहावीच्या मुलाला महिनाभर कोंडून धाक बसवणे हे अशा केंद्राचे काम नव्हे. एका रात्रीच्या बिअरपायी त्याला तिथे नेऊ नका. नेलेत तर आपल्याला घराबाहेर काढले एवढेच तो शिकेल.

आता त्या उरलेल्या पैशांकडे येते. तुमच्या पत्रात बिअर आहे, मिरवणूक आहे, उलट उत्तरे आहेत, पण मी अडकले ती त्या वाक्यापाशी. मुलाच्या चांगुलपणाचा दाखला म्हणून तुम्ही ते सहज लिहून टाकले आहे आणि पुढे निघून गेला आहात. मला मात्र तो सात वर्षांचा मुलगा दिसतो आहे. मुठीत घट्ट धरलेली नोट, दुकानाच्या फळीपर्यंत हात पोचावा म्हणून उंचावलेल्या टाचा, आणि "आईची पुडी द्या" हे वाक्य. दुकानदाराला ब्रँडसुद्धा विचारावा लागत नसणार. अठरा वर्षांखालील मुलाला तंबाखू विकण्यास २००३ च्या कायद्याने बंदी आहे, म्हणजे दुकानदार रोज कायदा मोडत होता, आणि गिऱ्हाईक तुम्ही होतात. मुलगा फक्त हमाल होता, तोही हिशेबाचा पक्का.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. २०१६ पासून तंबाखूच्या पाकिटाच्या ८५ टक्के भागावर कर्करोगाचे चित्र आणि इशारा छापणे सक्तीचे आहे. तुमचा मुलगा जेव्हा पुड्या आणत होता तो हाच काळ. अक्षरे जुळवून वाचायला शिकलेले मूल हातात आलेला प्रत्येक कागद वाचत घरी येते. त्याने ते सडलेले तोंड पाहिले असेल, खालचा इशारा वाचला असेल, आणि घरी येऊन पुडी तुमच्या हातात दिली असेल. तुम्ही ती घेतलीत, शाबास म्हणालात, आणि तुम्हाला काहीही झाले नाही. दुसऱ्या दिवशीही झाले नाही. अशी शे-दोनशे वेळा खात्री करून घेतलेल्या मुलाला शाळेत व्यसनमुक्तीवर कोणी कितीही कळकळीने बोलले तरी तो ते का मानेल? इशारे छापायचे असतात आणि मोठी माणसे ते वाचत नसतात, हे त्याला तुमच्या घरातच कळले आहे.

"पण मिश्री म्हणजे काही नशा नव्हे," असे तुम्ही मनात म्हणत असाल, याची मला खात्री आहे, कारण मी हे वाक्य ऐकतच मोठी झाले आहे. माझी थोरली मावशी आठवड्यातून एकदा परसात चूल पेटवून फुटक्या तव्यावर तंबाखू भाजत असे. त्या तव्याला दुसरे काही लागू द्यायचे नाही असा नियम होता. पाने काळी होत आली की असा ठसका उठायचा, की आम्ही मुले खोकत अंगणाच्या टोकापर्यंत पळत असू आणि मावशी मात्र पदर नाकाला लावून हसत बसलेली असे. मग ती पूड वस्त्रगाळ करून पत्र्याच्या डबीत जायची. सकाळी डाव्या तळहातावर चिमूट, उजव्या हाताची तर्जनी काळीकुट्ट, आणि मोरीशी अर्धा तास ठिय्या. त्या अर्ध्या तासात तिला कोणी हाक मारायची नाही. लग्नाला जाताना साडीच्या आधी डबी पिशवीत पडायची. मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, असे ती सांगे, आणि ते खोटेही नव्हते, कारण इतक्या वर्षांत आतड्यांनाही निकोटिनची सवय लागलेली असते. भाजल्याने तंबाखूचे दंतमंजन होत नाही, ताई. निकोटिन राहते, कर्करोगाचा धोकाही राहतो, आणि डबी रिकामी असलेल्या सकाळी तुमची जी चिडचिड होते तिला व्यसनाशिवाय दुसरे नाव नाही.

या बाबतीत तुम्ही एकट्या नाही, हेही सांगते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील सुमारे १७ टक्के प्रौढ स्त्रिया तंबाखू वापरत असल्याचे आढळले, आणि त्यांत ओढणाऱ्या अगदी थोड्या. बाकी सगळा कारभार मिश्रीचा आणि पानातल्या चिमटीचा. ज्या आजीने तुम्हाला मिश्री लावली तिच्यावर माझा राग नाही. गावात दातांचा डॉक्टर नव्हता, रात्री पोर कळवळत होते, तिच्यापाशी जे होते ते तिने लावले. पण हिशेब तुमच्या मुलासारखा चोख करू या. सहावीतले मूल अकरा वर्षांचे असते. तुमचा मुलगा पंधराव्या वर्षी बिअर प्यायला म्हणून तुमच्या पायाखालची जमीन सरकली आहे, आणि तुम्ही त्याच्यापेक्षा चार वर्षांनी लहान असताना सुरुवात केली, ती अजून संपलेली नाही.

आता "मिश्रीपलीकडे कशाला शिवलेली नाही" हे तुमचे वाक्य आणि "दारू नाही, बिअर होती" हे त्याचे वाक्य शेजारी शेजारी ठेवून पाहा. बोलण्याची ढब एकच आहे, आणि ती त्याने मंडळात उचललेली नाही. आपण घेतो त्याला नशा म्हणायचे नाही, ही तुमच्या घराची भाषा आहे. सासऱ्यांची ती झोप आहे, यजमानांचे ते पाहुणे आहेत, तुमचे ते दात आहेत. प्रत्येक वयाला आपापले कारण सापडते आणि ते कारण त्या वयाला अगदी खरेही वाटते. म्हातारपणी झोप उडते, म्हणून माणूस घोटभर घेऊन डोळे मिटतो. पण दारूने लागलेली झोप पहाटेपूर्वीच मोडते, शिवाय उतारवयात शरीरातले पाणी कमी झालेले असल्याने तेवढीच दारू अधिक चढते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. चाळिशीतला पुरुष चारचौघांत ग्लास नाकारला तर आपण वेगळे पडू, या भीतीने घेतो आणि तिला पाहुणचार म्हणतो. पंधराव्या वर्षी तर चारचौघे हेच सर्वस्व असते. मंडळाच्या मोठ्या मुलाने बाटली पुढे केली म्हणजे त्याने आपल्याला मोठ्यांत घेतले, इतकाच त्या क्षणाचा अर्थ तुमच्या मुलाला लागला असणार.

त्याहून लहान मुलांचे तर हाती लागेल ते, असे असते. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने २०१९ साली जाहीर केलेल्या देशव्यापी पाहणीत दारू, गांजा, अफूजन्य पदार्थ या सगळ्यांत मोठी माणसे मुलांच्या पुढे होती. फक्त हुंगण्याच्या द्रव्यांत मुले पुढे निघाली. १० ते १७ वयोगटात हे प्रमाण १.१७ टक्के आणि प्रौढांत ०.५८ टक्के होते. व्हाइटनर, थिनर, पंक्चर काढायचे सोल्युशन या वस्तू मुलाला कोणी चोरून आणून द्याव्या लागत नाहीत. वह्या-पेनांच्या दुकानात आणि सायकलच्या दुकानात त्या उघड मिळतात. जे हाताशी असते आणि ज्याला घरात वाईट म्हटलेले नसते, तिथून मूल सुरुवात करते. तुमच्या मुलाच्या हाताशी सातव्या वर्षापासून तंबाखूची पुडी होती आणि त्याने ती फोडलीही नाही. या गोष्टीचे श्रेय त्याला तुम्ही कधी दिले आहे का?

त्याची बिअर मी माफ करते आहे, असा अर्थ काढू नका. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ वर्षांची आणि कडक दारूसाठी २५ वर्षांची अट आहे, आणि अल्पवयीन मुलाला दारू देणाऱ्याला बाल न्याय कायद्याने सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते, हे मंडळाच्या त्या मुलांना कोणीतरी ऐकवायलाच हवे. पंधराव्या वर्षी मेंदू अजून घडत असतो, आणि इतक्या लवकर सुरू झालेली दारू पुढे सुटायला अवघड जाते. हे सगळे खरे आहे. पण आज हे तुमच्या तोंडून निघाले तर तो तुमच्या तर्जनीकडे पाहील.

म्हणून तुम्हाला एकच गोष्ट सांगते. मिश्री सोडा, आणि ती त्याच्या डोळ्यांदेखत सोडा. दिवाळीपासून नाही, त्याची दहावी झाल्यावर नाही, याच सोमवारपासून. रविवारी रात्री त्याला जवळ बसवा आणि एवढेच सांगा, की तुला तंबाखू आणायला दुकानात पाठवत होते ही माझी चूक होती, आणि मी उद्यापासून मिश्री बंद करते आहे. त्याला बिअर सोड म्हणू नका, शपथ घालू नका, रडू तर मुळीच नका. सासरे आणि यजमान यांच्याही मागे आत्ता लागू नका. तुमची डबी मोरीच्या फळीवर असेपर्यंत त्यांना काही म्हणायचा अधिकार तुम्हाला नाही.

सोपे जाणार नाही. एकोणतीस वर्षांची सवय आहे. सुरुवातीचे काही दिवस सर्वांत वाईट असतात. डोके दुखते, पोट साफ होत नाही, पतसंस्थेत समोरच्या खातेदारावर विनाकारण आवाज चढतो, आणि तीन-चार आठवड्यांनी हे बरेचसे ओसरते. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा सरकारी निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे, त्यावर बोला. जिल्हा रुग्णालयात तोंड तपासून घ्या, कारण इतकी वर्षे मिश्री लावलेल्या हिरड्या एकदा डॉक्टरांनी पाहिल्याच पाहिजेत, आणि निकोटिनच्या गोळ्यांची गरज आहे का, हेही तिथेच विचारा. जी दाढ सहावीत दुखत होती तीही दाखवा. तपासणीला जाताना मुलाला बरोबर न्या. बाहेरच्या बाकावर बसू दे.

हे दिवस त्याच्यापासून लपवू नका. बायकांना त्रास लपवायची फार सवय असते आणि तुम्ही तेच कराल, अशी मला धास्ती वाटते. चौथ्या दिवशी डोके ठणकू लागले आणि हात फळीकडे जाऊ लागला, तर मला पत्र लिहू नका. त्याला हाक मारा आणि सांगा.