ताई, पेंटिंग सोडू की लिहिणं?

साताऱ्याहून एका मुलाचं पत्र आलंय. लॉ झालंय, एका सीनियर वकिलांकडे ज्युनियरशिप चालू आहे, पण जीव सगळा पेंटिंगमध्ये. वडील डॉक्टर, रविवारी स्वतः वॉटरकलर करतात, पण मुलाला म्हणतात की छंद म्हणून कर, आधी वकिली बघ. हा चित्रांवर लेखही लिहितो, तर आर्ट स्कूलमधले मित्र टोमणे मारतात की ज्याला पेंटिंग जमत नाही तो लिहितो. विचारतो, ताई, दोनातलं काय सोडू?

अरे, काहीच सोडू नकोस! तुझं पत्र वाचताना मला सारखा फ्रान्सचा चित्रकार आणि लेखक युजीन फ्रोमांतँ आठवत होता. जन्म १८२० चा, ला रोशेलचा, वडील डॉक्टर आणि हौशी चित्रकार, तरी मुलाने वकील व्हावं हीच त्यांची इच्छा. १८३९ ला तो पॅरिसला कायदा शिकायला गेला, शिक्षण पुरं केलं, आणि मग लुई काबा नावाच्या लँडस्केप पेंटरकडे शिकायला लागला. १८४६ मध्ये तर घरी न सांगता अल्जीरियाला गेला आणि पुढच्याच वर्षी पॅरिसच्या सालोंमध्ये, म्हणजे तिथल्या सगळ्यात मोठ्या प्रदर्शनात, त्याची चित्रं लागली. घरी न सांगता हे मात्र तू करू नकोस, तुझे बाबा रंग हातात घेणारे आहेत, त्यांना चित्र दाखवता येतं, ही मोठी गोष्ट आहे रे.

आता लिहिण्याचं. अल्जीरियावर त्याची दोन पुस्तकं आली, १८६३ ला दोमिनिक नावाची कादंबरी आली, आणि पेंटिंग चालूच होतं. पण गिऱ्हाइकांना त्याच्याकडून तेच ते अरब आणि घोडे हवे असायचे, व्हेनिसची चित्रं काढून बघितली तर ती लोकांना फारशी रुचली नाहीत. १८७५ च्या उन्हाळ्यात तो बेल्जियम आणि हॉलंडला गेला, रुबेन्स आणि रेम्ब्रांट या जुन्या थोर चित्रकारांची चित्रं त्यांच्याच गावी बघायला, आणि त्यावर १८७६ मध्ये जुन्या मास्टर्सवरचं पुस्तक आलं, जे आजही कलेचा इतिहास शिकणारे वाचतात. का वाचतात? कारण तो चित्रासमोर पेंटर म्हणून उभा राहतो, रंग कुठे पातळ लावलाय, कुठे जाड, ब्रश कसा फिरलाय, हे त्याला दिसतं कारण त्याच्या स्वतःच्या हाताने ते सगळं केलेलं असतं. नाइट वॉचसमोर उभं राहून त्याने सरळ लिहिलं की रेम्ब्रांटचं हे चित्र मला पूर्ण पटत नाही, आणि का नाही तेही पानंच्या पानं सांगितलं. व्हॅन गॉगनेही हे पुस्तक मन लावून वाचलं होतं. पुस्तक आलं त्याच वर्षी, १८७६ च्या ऑगस्टमध्ये फ्रोमांतँ वारला, वय फक्त ५५.

त्यामुळे मित्रांचं बोलणं मनावर घेऊ नकोस. तुझ्या लेखात जे दम असलेलं असेल ते तुझ्या ब्रशमुळेच येणार, म्हणून पेंटिंग थांबवलंस तर लेखही कोरडे पडतील असं मला अगदी मनापासून वाटतं. ज्युनियरशिप सध्या ठेव, रंग आणि कॅनव्हास काही स्वस्त नाहीत आणि आत्ता बाबांशी भांडण नको.

औंधचं म्युझियम तुला जवळ आहे, औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभं केलेलं, तेही स्वतः चित्रं काढायचे. बाबांना घेऊन जा. एकच चित्र निवड, रविवर्म्याचं घे हवं तर, आणि पुस्तकातलं काही न टाकता फक्त डोळ्यांना दिसतं ते लिही, मग घरी येऊन त्यातला एखादा रंग पॅलेटवर मिसळून बघ आणि जमलं नाही तर का नाही जमलं तेही लेखात लिही. बाबांना पहिला वाचायला दे. आणि सीनियरना विचार, शनिवारी अर्धा दिवस मोकळा मिळतो का.