साडेपाच तासांचा घोळ: संगणकाच्या घड्याळाविषयी प्रश्नोत्तरे

प्रश्न (नाशिक): एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि फेडोरा लिनक्स आहे. फेडोरा वापरून झाल्यावर विंडोज सुरू केलं की घड्याळ साडेपाच तास मागे असतं. दुकानदार म्हणतो, मदरबोर्डवरचा सेल बदला. बदलू का?

उत्तर: नको. सेल संपला की घड्याळ वाट्टेल तसं भरकटतं, बऱ्याचदा थेट जुन्या सालात जाऊन बसतं. तुमचं दर वेळी नेमकं साडेपाच तास चुकतंय, म्हणजे घड्याळ ठणठणीत आहे.

मदरबोर्डवरच्या घड्याळात नुसते आकडे असतात, ती वेळ कुठली हे त्यात लिहिलेलं नसतं. विंडोज डॉसच्या (विंडोजच्या आधीच्या मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीच्या) काळापासून त्या आकड्यांना स्थानिक वेळ मानत आलं आहे. लिनक्स त्यांना यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, मानतं आणि आपल्यासाठी साडेपाच तास मिळवून दाखवतं. संध्याकाळी ७ वाजता फेडोरा बंद केलंत, तर तिथे १:३० लिहिलेलं असतं. विंडोज ते वाचतं आणि दुपारचा दीड दाखवतं. मग इंटरनेटवरून वेळ दुरुस्त झाली की विंडोज तिथे ७ लिहितं, आणि पुढच्या खेपेला फेडोरा उघडताना रात्रीचे १२:३० दिसतात, निदान इंटरनेट जोडेपर्यंत.

दोघांपैकी एकाला समजवायचं. माझा कल विंडोजला समजवण्याकडे आहे. रजिस्ट्री एडिटरमध्ये (विंडोजच्या आतल्या सेटिंग्ज बदलायचं साधन) लोकल मशीनच्या शाखेत सिस्टम, करंट-कंट्रोल-सेट, कंट्रोल, टाइम-झोन-इन्फर्मेशन असं आत जा. तिथे ‘रिअल टाइम इज युनिव्हर्सल’ (सलग, मध्ये जागा न सोडता) या नावाची डीवर्ड (आकडा साठवणारी) नोंद करा आणि तिची किंमत १ ठेवा, म्हणजे विंडोजही त्या आकड्यांना यूटीसी मानेल. लॅपटॉप ऑफिसचा असेल आणि रजिस्ट्रीला हात लावायची मुभा नसेल, तर लिनक्सच्या ‘टाइमडेटसीटीएल’ या आज्ञेने ‘सेट-लोकल-आरटीसी’ची किंमत १ करा, म्हणजे लिनक्सही त्या आकड्यांना स्थानिक वेळ मानेल. लिनक्स त्यावर कुरकुर करतं, इशारा दाखवतं. तो इशारा मुख्यतः वर्षातून दोनदा घड्याळं सरकवणाऱ्या देशांसाठी आहे. आपल्याकडे ती भानगड नाही.

पहिला उपाय केलात तर बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) साडेपाच तास मागची वेळ दिसेल. ती तशीच असायला हवी. तिथे जाऊन ‘दुरुस्त’ करू नका.

प्रश्न (पुणे): लिनक्स सर्व्हरवर वेळेचा विभाग निवडताना यादीत फक्त ‘एशिया/कोलकाता’ दिसतं. मुंबई का नाही? आणि विंडोजवरून आलेलं ‘इंडिया स्टँडर्ड टाइम’ हे नाव आमचा प्रोग्राम ओळखत का नाही?

उत्तर: लिनक्स, मॅक, अँड्रॉइड या सगळ्यांच्या पोटात एकच यादी आहे, ‘टीझेड डेटाबेस’. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी १९८० च्या दशकात ती सुरू केली, पॉल एगर्ट आज ती सांभाळतात, आणि २०११ पासून ती आयाना या, इंटरनेटवरची नावं आणि क्रमांक सांभाळणाऱ्या, संस्थेच्या छत्राखाली आहे. १९७० पासून ज्या प्रदेशातली घड्याळं एकसारखी चालली, त्या प्रदेशाला एक नाव, आणि ते सहसा तिथल्या सर्वांत मोठ्या शहराचं. भारतासाठी तो मान कलकत्त्याला मिळाला. मुंबईकरांनी मनाला लावून घेऊ नये. जुनं ‘एशिया/कॅलकटा’ही अजून चालतं.

मायक्रोसॉफ्टची नावांची यादी मात्र स्वतःची, वेगळी. या दोन्ही याद्यांची जुळणी युनिकोडच्या सीएलडीआर (भाषा आणि प्रदेशांची माहिती जमवणाऱ्या) प्रकल्पात तयार मिळते. ती वापरा, हाताने तक्ता करत बसू नका. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट या प्रोग्रामिंग-व्यवस्थेत आवृत्ती ६ पासून दोन्ही प्रकारची नावं चालतात. विंडोजवर पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा असेल तर ‘टीझेडडेटा’ हे पॅकेज वेगळं बसवावं लागतं. आणि ‘आयएसटी’ एवढंच कुठे लिहू नका. भारत, इस्राएल आणि आयर्लंड, तिघेही त्या तीन अक्षरांवर हक्क सांगतात.

प्रश्न (दुबई): लॅपटॉप भारतातून इथे आणला, वेळ इथली केली. आता पेनड्राइव्हवर बॅकअप घेताना प्रोग्राम न बदललेल्या फायलीही पुन्हा कॉपी करतो.

उत्तर: पेनड्राइव्ह फॅट३२ (फायली साठवण्याची जुनी पद्धत) असणार. त्यात फायलीची वेळ स्थानिक म्हणून नोंदतात, विभाग न लिहिता. लॅपटॉपची डिस्क एनटीएफएस (विंडोजची नंतरची पद्धत) असते आणि ती यूटीसी नोंदते. तुम्ही विभाग बदललात आणि दोन्हींत दीड तासाची फट पडली. पेनड्राइव्ह एनटीएफएस करा, नाहीतर फायलींची तुलना आशयावरून करायला प्रोग्रामला सांगा.

प्रश्न (ठाणे): न्यू जर्सीतल्या मंडळींसोबत दर रविवारी आमचं ऑनलाइन वाचन असतं. वेळ तिकडची सकाळी १० ठरली आहे. आठवण पाठवणारा छोटा प्रोग्राम मी लिहिला, सगळ्या वेळा यूटीसीत साठवल्या. नोव्हेंबरमध्ये सगळे एक तास चुकले.

उत्तर: ‘सगळं यूटीसीत साठवा’ हा सल्ला घडून गेलेल्या गोष्टींसाठी आहे. पुढच्या भेटीसाठी तो घातक. न्यू जर्सीत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. त्यामुळे आपल्यातलं अंतर उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा. तुम्ही ‘सकाळी १०, अमेरिका/न्यूयॉर्क’ (न्यू जर्सीचा विभाग याच नावाचा) असं साठवा आणि यूटीसी आयत्या वेळी काढा.

आयत्या वेळीच का? कारण सरकारं नियम बदलतात, तेही ऐनवेळी. मार्च २०२३ मध्ये लेबनॉनने घड्याळ पुढे करणं रमजान संपेपर्यंत लांबवलं आणि तेही दोन-चार दिवस आधी सांगून. देशात एकाच वेळी दोन वेळा चालू झाल्या आणि काही दिवसांत निर्णय फिरवावा लागला. टीझेड डेटाबेसच्या २०२३बी आवृत्तीत लेबनॉनची नवी वेळ घातली होती, २०२३सी आवृत्तीत ती काढली. विंडोजला असे बदल विंडोज अपडेटमधून मिळतात, लिनक्सला टीझेडडेटा पॅकेजमधून. जावा ही प्रोग्रामिंगची भाषा मात्र या यादीची आपली प्रत पोटात घेऊन फिरते. सर्व्हर ताजा आणि जावा जुनी असेल तर एकाच यंत्रावर दोन वेळा दिसतील.

प्रश्न (सातारा): आजोबांचा जन्म फेब्रुवारी १९४३, मुंबई. पत्रिकेच्या दोन प्रोग्रामांत, एक विंडोजवर आणि एक लिनक्सवर, एक तासाचा फरक येतो. बरोबर कुठला?

उत्तर: प्रोग्राम दोन्ही आपापल्या यादीप्रमाणे चालतात, पण विंडोजची यादी इथे अपुरी पडते. दुसऱ्या महायुद्धात भारतातली घड्याळं एक तास पुढे होती. सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत यूटीसीच्या साडेसहा तास पुढे. टीझेड डेटाबेसमध्ये हे आहे. विंडोजच्या भारतीय विभागात जुना इतिहास नाही, तिथे कायम साडेपाच. लग्नरास सुमारे दोन तासांनी बदलते, तेव्हा तासाचा फरक लहान नाही.

पण मुंबईत आणखी एक पेच आहे. प्रमाणवेळ १९०६ मध्ये आली, तरी ‘बॉम्बे टाइम’ तिथे पुढची अनेक वर्षं, अगदी १९५० च्या दशकापर्यंत वापरात होता. तो प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. टीझेड डेटाबेसमध्ये मुंबईची वेगळी नोंदच नाही, कारण १९७० पूर्वीच्या शहरागणिक वेळांची हमी ती यादी देत नाही. म्हणून आधी जन्मवेळ कुणी टिपली ते घरात विचारा, रुग्णालयाच्या कागदावर असेल तर तो कागद शोधा. घड्याळ कुठलं होतं ते कळलं, की प्रोग्राममध्ये विभाग निवडण्याऐवजी साडेसहा तास किंवा योग्य तो फरक हाताने भरा. कळलं नाहीच, तर दोन पत्रिका काढून ठेवा.