सगळं आधीच ठरलेलं असेल तर माणसाच्या निर्णयाला अर्थ काय?

मृत्यूची वेळ ठरलेलीच असेल तर माणसाच्या निर्णयांना आणि त्यांच्या बऱ्यावाईटाला अर्थ काय, असं तुम्ही विचारलंय. अर्थ आहे. 'वेळ ठरलेली असते' हे मी बहुतेकदा निर्णय टाळणाऱ्यांच्याच तोंडून ऐकलंय, म्हणून लिहायला बसले.

माझ्या बाबांना फुप्फुसांचा फायब्रोसिस होता, म्हणजे फुप्फुसं कडक होत जाण्याचा, बरा न होणारा आजार. फोंड्याच्या आमच्या घरात शेवटी शेवटी ऑक्सिजनचं मशीन रात्रंदिवस घरघरत असायचं. बाबा शाळामास्तर, डोकं अखेरपर्यंत लख्ख. त्यांनी मला आणि दादाला समोर बसवून सांगितलं होतं: श्वास संपत आला तर घशात नळी घालू नका, आयसीयूत बांधून ठेवू नका. एकदा नाही, अनेकदा. चतुर्थीला सगळं घर जमलं होतं तेव्हा आतेसमोरसुद्धा सांगितलं.

तो दिवस आला. डॉक्टरांनी विचारलं, व्हेंटिलेटर लावायचा का? दादा म्हणाला, देवीला प्रसाद लावूया, उजवा झाला तर लावू. (बाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडे मूर्तीला फुलं-पाकळ्या लावून कौल घेतात, उजवीकडची पडली की होकार.) मी नाही म्हटलं. देवीवर माझी श्रद्धा आहे, घर बांधताना मीही प्रसाद घेतलाय. पण देवीला विचारायचं ते आपल्याला उत्तर सापडत नसतं तेव्हा. इथे उत्तर बाबांनीच देऊन ठेवलं होतं. शिवाय देवीपुढे प्रश्न कोणता ठेवायचा, हे माणूसच ठरवतो ना? 'नळी घालू का' असं विचारायचं, की 'बाबांचा शब्द मोडू का' असं? व्हेंटिलेटर नको, या कागदावर सही मी केली.

बाराव्याला दादा येईल त्याला सांगत होता, 'वेळ आली होती, आपल्या हातात काय असतं!' वर गीतेचा दाखला, ईश्वर सगळ्या भूतांना यंत्रावर बसवल्यासारखं फिरवतो, हा. अठराव्या अध्यायातला ६१वा श्लोक. त्याच अध्यायातल्या ६३व्यात कृष्ण अर्जुनाला म्हणतो, 'विमृश्यैतदशेषेण यथेच्छसि तथा कुरु'. सगळ्याचा नीट विचार कर आणि मग तुझ्या इच्छेप्रमाणे कर. तो श्लोक दादाने कुणालाच ऐकवला नाही. 'वेळ आली होती' म्हटलं की माझी सही पुसली जाते, त्याचं एक वेळ सोडा. पण बाबांनी शुद्धीवर असताना, पूर्ण विचाराने जे ठरवलं, तेही पुसलं जातं. हे मला अजून सहन होत नाही.

हल्ली काही जण मेंदूविज्ञान पुढे करतात. मेंदूशास्त्रज्ञ बेंजामिन लिबेटच्या १९८३ च्या प्रयोगात, मनगट हलवायची इच्छा झाली असं माणसं ज्या क्षणी सांगत, त्याच्या सुमारे एक तृतीयांश सेकंद आधीच मेंदूत हालचाल सुरू झालेली दिसली. म्हणजे इच्छा हा भास, असा निष्कर्ष अनेकांनी काढला. पण २०१२ मध्ये आरोन शुर्गर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मेंदूत आपोआप होणारे चढउतार साचत गेले तरी मेंदूतल्या हालचालीचा आलेख तसाच येतो. निर्णय आधीच झालेला होता असं मानायची गरज नाही. आणि मनगट कधी हलवायचं याला कारण लागतं कुठे? बाबांच्या निर्णयामागे कारणं होती, किती रात्री जागून घोळवलेली. विश्वातला कण न् कण आधीच ठरलेला असेलही. तरी बाबांचा विचार हा त्याच साखळीतला दुवा होता, तो काढून टाकला तर पुढचं घडलंच नसतं.

तुम्हाला खरंच काही करायचं असेल तर कागद करून ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये लिव्हिंग विल (शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवलेला कागद) मान्य केलं, २०२३ मध्ये पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे. गोव्यात २०२४ मध्ये न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी स्वतःचं नोंदवलं. मीही केलंय. माझ्या वतीने निर्णय घेणाऱ्यांत दादाचं नाव घातलेलं नाही.

आणि हो, बऱ्या होणाऱ्या आजारात, अपघातात व्हेंटिलेटरने माणसं वाचतात, तिथे माझं उदाहरण घेऊन नकार देऊ नका. रुग्णाने आधी काहीच सांगितलं नसेल तर प्रश्न फार अवघड होतो, तिथे मी कुणाला दोष देणार नाही. बाबांचं तसं नव्हतं. त्यांनी सांगितलं होतं, आणि दादा तेव्हा माझ्या शेजारीच बसला होता.