प्रभुभोजनाला येण्याआधी

बाळा, बाप्तिस्मा झाला, आता तुझं पहिलं प्रभुभोजन, म्हणजे प्रभू येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेणं. मनाची तयारी शनिवारी रात्रीच कर. बायबलमधलं १ करिंथ ११:२८ सांगतं, माणसानं आधी स्वतःची परीक्षा करावी. स्वतःची, शेजारच्या बाकावरच्याची नव्हे! कुणाशी अबोला असेल तर मत्तय ५:२३-२४ वाच: आधी समेट, मग अर्पण. आपल्या बेळगावात मराठी-कानडीवरून शब्दाला शब्द लागतो, मनं दुखावतात. अशा वेळी तू आधी जा. चूक कुणाची हे मोजत बसू नकोस. मला हेच सगळ्यात अवघड वाटतं, आणि सगळ्यात गरजेचंही. योहान १३ मध्ये प्रभूनं आपल्याला धरून देणाऱ्या यहूदाचेही पाय धुतले, हे विसरू नकोस. आणि उपासनेनंतर सतरंज्या गुंडाळायला, चहाची भांडी घासायला थांबत जा. त्याचा बोभाटा मात्र नको.