वाचक विचारतात : बॅरी सँडर्सच्या यार्डांचा हिशेब

गेल्या अंकात अमेरिकन फुटबॉलमधल्या डेट्रॉइट लायन्स संघाचा रनिंग बॅक बॅरी सँडर्स याच्या कारकिर्दीवर (१९८९ ते १९९८) लेख होता. चेंडू पोटाशी धरून समोरच्या गर्दीत घुसायचं, हे रनिंग बॅकचं मुख्य काम. असं एकदा घुसणं म्हणजे एक धाव, आणि तीत पुढे सरकलेलं अंतर यार्डांत मोजतात. त्यावर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत.

वॉल्टर पेटनचा कारकिर्दीतल्या सर्वाधिक यार्डांचा विक्रम अवघ्या १,४५७ यार्डांवर असताना सँडर्स ३१व्या वर्षी निघून गेला. एखादी दुखापत लपवली होती का? (नागपूर)

नाही. दहा हंगामांतल्या १६० पैकी १५३ सामने तो खेळला. मोठी म्हणावी अशी गुडघ्याची दुखापत १९९३ची, तिच्यापायी पाच सामने बुडाले. शेवटच्या १९९८च्या हंगामातही त्याने १,४९१ यार्ड काढले होते. म्हणजे पेटनचे १६,७२६ यार्ड ओलांडायला तसाच आणखी एक हंगाम पुरला असता.

कारण संघात होतं. १९९८ला लायन्स ५ सामने जिंकले आणि ११ हरले. त्याच्यासमोर वाट मोकळी करणारा अनुभवी सेंटर केव्हिन ग्लोव्हर याला त्याआधीच जाऊ दिलं होतं. सँडर्सच्या अख्ख्या कारकिर्दीत प्लेऑफचा (बाद फेरीचा) विजय एकच, जानेवारी १९९२चा, डॅलसवर ३८-६. लायन्सला त्यानंतरचा प्लेऑफ विजय थेट जानेवारी २०२४मध्ये मिळाला! जिंकायची इच्छाच या क्लबात दिसत नाही, असं वाटणाऱ्या माणसाने जुलै १९९९च्या अखेरीस, सराव शिबिराच्या तोंडावर, आपल्या गावच्या विचिटा शहरातल्या वर्तमानपत्राला फॅक्स करून निवृत्ती कळवली. हे काही बरं केलं नाही, असं आमचं मत. क्लबला नवा खेळाडू शोधायला वेळच उरला नाही. करारावर सही करताना मिळालेल्या १.१ कोटी डॉलरपैकी ५५ लाख क्लबने परत मागितले, ते प्रकरण लवादात गेलं.

विक्रमाचं म्हणाल तर त्याचा स्वभाव पहिल्याच हंगामात दिसला होता. १९८९च्या शेवटच्या सामन्यात सर्वाधिक यार्डांचा मान फक्त १० यार्डांवर होता. सामना खिशात होता, प्रशिक्षक ‘जातोस का परत?’ म्हणाले, आणि हा नको म्हणाला. मान कॅन्सस सिटीच्या ख्रिश्चन ओकोयेकडे गेला, १,४८० विरुद्ध १,४७०.

दर धावेला सरासरी ५ यार्ड, यात कौतुक करण्यासारखं काय? तेवढं अंतर तर कोणीही पळेल. (सांगली)

सांगलीकरांना कबड्डीच्या भाषेत सांगू. ५ यार्ड म्हणजे ४.५७ मीटर. मध्यरेषेपासून निदान रेषा ३.७५ मीटरवर. म्हणजे दर चढाईला निदान रेषा ओलांडून आणखी पाऊण मीटर आत जायचं, समोर सात नव्हे अकरा जण, आणि तेही अंगावर कोसळणारे; परत मागे मात्र यायचं नसतं.

आता हिशेब. १० यार्ड पुढे जायला चार प्रयत्न मिळतात, पण चौथ्यात बहुतेक वेळा चेंडू लाथेने लांब धाडतात किंवा गोलसाठी मारतात. म्हणून खरे प्रयत्न तीनच. धावेला साडेतीन यार्ड पडले की गाडी चालू राहते. रनिंग बॅक एमिट स्मिथ कारकिर्दीतल्या १८,३५५ यार्डांनी आजही सर्वांत पुढे आहे, त्याची सरासरी ४.२. पेटन ४.४. सँडर्सचे ३,०६२ धावांत १५,२६९ यार्ड, म्हणजे ५.०.

पण ही सरासरी फसवी असते, आणि सँडर्सची तर फारच. स्मिथ चार, तीन, पाच, चार असा काढायचा. सँडर्स उणे दोन (म्हणजे सुरुवातीच्या जागेच्याही मागे पकडला जाणं), शून्य, एक, उणे तीन आणि मग एकदम पन्नास. ३१ डिसेंबर १९९४च्या प्लेऑफ सामन्यात ग्रीन बे संघाने त्याला १३ धावांत उणे १ यार्डावर अडवलं. डावपेच आखणाऱ्याला अशी खेळी त्रासाची, कारण उणे तीननंतर उरलेल्या दोन प्रयत्नांत १३ यार्ड हवे असतात आणि मग चेंडू फेकण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

मग दोष कोणाचा? धावणाऱ्याचा की पुढच्या ब्लॉकरांचा, म्हणजे त्याला वाट मोकळी करणाऱ्यांचा? (पुणे)

सँडर्सच्या सुरुवातीच्या वर्षांत लायन्स ‘रन अँड शूट’ पद्धतीने खेळत. चार रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारे) लांब पसरलेले; टाइट एंड नाही, फुलबॅक नाही, हे दोघे धडक घेऊन वाट करणारे. म्हणजे धावणाऱ्यासाठी धडक घ्यायला लाइनच्या, म्हणजे सर्वांत पुढच्या रांगेच्या, पाच जणांपलीकडे कोणी नाही. सहावा बचावपटू मोकळा सुटला की तो सँडर्सला सुरुवातीच्या रेषेमागेच गाठायचा. १९९७च्या पहिल्या दोन सामन्यांत मिळून सँडर्सचे ५३ यार्ड झाले. मग फुलबॅकचा वापर वाढला आणि पुढच्या सलग १४ सामन्यांत त्याने दर वेळी शंभरी गाठली. हंगामाअखेर २,०५३ यार्ड, सरासरी ६.१. पोरगा तोच, पाय तेच.

ताजा दाखला हवा असेल तर सेक्वॉन बार्कली. २०२३ला न्यूयॉर्क जायंट्सकडून ९६२ यार्ड, सरासरी ३.९. पुढच्या वर्षी फिलाडेल्फिया ईगल्सच्या भक्कम लाइनमागे २,००५ यार्ड, सरासरी ५.८. सगळं श्रेय लाइनला देणंही चूक. पण नुसते यार्ड बघून रनिंग बॅक जोखू नका.

भाचा टेक्ससला हायस्कूलमध्ये रनिंग बॅक खेळतो. दोन सामन्यांत तीनदा चेंडू हातून सुटला, आता बाकावर बसतो. फोनवरून काय सांगू? (ठाणे)

आधी चेंडू घेणं. क्वार्टरबॅककडून (चेंडू हाती देणाऱ्या गड्याकडून) घेताना त्याच्या बाजूचा कोपर वर, छातीला समांतर. दुसरा हात पोटाखाली, तळवा वर. मध्ये खिसा तयार होतो. कोपर खाली असला तर चेंडू त्यावर आपटून उडतो, नवख्यांचा पहिला घोटाळा इथेच. आणि चेंडूकडे बघायचं नाही. तो खिशात घालणं क्वार्टरबॅकचं काम. नजर समोरच्या फटीवर.

मग धरणं. चेंडूचं टोक बोटांच्या बेचक्यात, पंजा टोकावर; मागचं टोक काखेकडे कोंबलेलं; खालून हाताचा पुढचा भाग, वरून दंड, बाजूने बरगड्या. चेंडू छातीशी उंच हवा, मनगट कोपराच्या वर. मनगट खाली आलं की मागून येणाऱ्याला बुक्की मारायला चेंडू आयताच मिळतो. चेंडू नेहमी मैदानाच्या कडेकडच्या हातात, आणि गर्दीत शिरताना दुसरा हातही वर झाकण म्हणून.

बहुतेक चेंडू पहिल्या धडकेला सुटत नाहीत. पहिल्याने पकडलेलं असतं, हा आणखी एक यार्ड मिळवायला झगडत असतो, तोल सावरायला हात बाजूला जातो आणि दुसरा येऊन हिसकावतो. सवय मोडता येते. न्यूयॉर्क जायंट्सचा टिकी बार्बर २००३मध्ये नऊदा फंबल झाला, म्हणजे चेंडू त्याच्या हातून सुटला होता. प्रशिक्षकांनी त्याला असंच उंच आणि घट्ट धरायला शिकवलं. २००५मध्ये १,८६० यार्ड धावूनही फंबल एकच.

घरी करायचा सराव : चेंडू धरून वीस-वीस यार्ड पळायचं आणि भावाने किंवा मित्राने मागून, खालून बुक्क्या मारायच्या. हात बदलून तेवढंच.

भाचा सँडर्सच्या चित्रफिती बघत असणारच, म्हणून एक इशारा. त्याच्यासारखी हुलकावणी देताना पाय शरीरापासून लांब टाकू नये. कंबर खाली, शेवटची दोन पावलं आखूड, बाहेरचा पाय चवड्यावर, गुडघा पावलाच्या रेषेत. ताठ उभं राहून, टाच रोवून लांब पाय टाकला की गुडघा आत वळतो, आणि पुढचा अस्थिबंध तुटायला धक्काही लागत नाही. सँडर्स जेमतेम १७३ सेंटिमीटर उंच आणि मांड्या पहिलवानाच्या. कंबर आधीच जमिनीजवळ. उंच मुलाने त्याची नक्कल करताना आधी बैठका वाढवाव्यात. आणि डोकं खाली घालून कधीच धडकू नये, मान जाते.

रनिंग बॅक तिशीतच म्हातारे का ठरतात? (औरंगाबाद)

वयापेक्षा धडका मोजा. ३०० धावांचा हंगाम म्हणजे जवळपास तेवढ्याच वेळा जमिनीवर आपटणं, शिवाय झेल घेतल्यावरच्या आणि ब्लॉक करतानाच्या धडका वेगळ्या. टेरेल डेव्हिसने १९९८ला ३९२ धावांत २,००८ यार्ड काढले; पुढच्या वर्षी चौथ्या सामन्यात गुडघा गेला आणि तो पूर्वीसारखा परतलाच नाही. लॅरी जॉन्सनच्या २००६मध्ये ४१६ धावा, हा विक्रम. पुढच्या हंगामात पाऊल मोडलं, आठच सामने.

दुसरं कारण पैशाचं. ड्राफ्टमधून (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतून) आलेल्या मुलाचा पहिला करार चार वर्षांचा, रक्कम जवळपास ठरलेली, आणि तीन हंगाम होईपर्यंत फेरबोलणी करता येत नाही. तो पंचविशी-सव्विशीत मोठा पैसा मागायला येतो तेव्हा चांगली वर्षं क्लबने स्वस्तात वापरलेली असतात. अपवाद फ्रँक गोर. कॉलेजात दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेला, म्हणून तिसऱ्या फेरीत निवडला गेलेला. १६ हंगाम खेळून बरोबर १६,००० यार्ड. सरळ, आखूड पावलांनी धावणारा, चित्रफितीत फारसा न शोभणारा.

सँडर्सचे एवढे यार्ड आणि धावून काढलेले टचडाउन (चेंडू गोलरेषेपार नेणं) फक्त ९९? (मडगाव)

गोलरेषेजवळ दोन-तीन यार्ड उरले की लायन्स अनेकदा त्याला बाहेर बसवून जाडजूड गडी आत पाठवत. तिथे उणे तीन परवडत नाही.